आधी चंद्र, मग वाघ: ६०० मिमी लेन्स हातात बसवायची रीत

ताडोब्याहून परत आल्यावर फोटो लॅपटॉपवर मोठे करून बघावेत आणि वाघाच्या मिशा विरघळल्यासारख्या दिसाव्यात, हे नवी १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं होतं. पहिला संशय लेन्सवर जातो. मग ती विकून आणखी महागडी घ्यायचे बेत सुरू होतात. लेन्स बहुतेक वेळा निर्दोष असते. कॅमेरा हलला, प्राणी हलला, फोकस चुकला किंवा मधली हवा हलली, या चौघांपैकी कुणीतरी घात केलेला असतो. जंगलात हे चौघं एकदमच हजर असतात, त्यामुळे चोर सापडत नाही. चंद्रावर मात्र एकेकाला बाजूला काढता येतं. त्याचं अंतर ठरलेलं, उजेड ठरलेला आणि तो दचकून पळतही नाही. म्हणून सफारीचं बुकिंग झालं की आधी दोन-तीन संध्याकाळी गच्चीवर घालवाव्यात.

चंद्र सेन्सरवर केवढा पडतो

आकाशात चंद्र साधारण अर्धा अंश रुंद असतो. त्यावरून सोपा हिशेब निघतो: लेन्सच्या मिलिमीटरना ११० ने भागा, सेन्सरवरच्या चंद्राचा व्यास मिळेल. ३०० मिमीला पावणेतीन मिलिमीटर, ६०० ला साडेपाच. फुल फ्रेम (जुन्या फिल्मएवढ्या) सेन्सरची उंची २४ मिमी, म्हणजे ६०० मिमीवरसुद्धा चंद्र चौकटीच्या पाव उंचीलाही पोचत नाही. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर तो सुमारे ९०० पिक्सेल रुंद येतो, तितक्याच मेगापिक्सेलच्या क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवर १,४०० च्या आसपास. चंद्रापुरता क्रॉप बॉडीचा फायदा खराच आहे.

बजेट कमी असेल तर कॅनन आरएफ ८०० मिमी एफ/११ सारखी हलकी, स्थिर अ‍ॅपर्चरची लेन्स चंद्राला उत्तम चालते. पहाटेच्या जंगलात मात्र एफ/११ चं बारीक छिद्र अंगावर येतं. निकॉन पी१००० वर '३००० मिमी' लिहिलेलं असतं, पण ते फुल फ्रेमच्या मापाने; प्रत्यक्ष भिंग ५३९ मिमीचं आणि सेन्सर नखाएवढा. चंद्र पडदाभर येतो, कमी उजेडातला बिबट्या येत नाही.

१.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्समागे लावायचं वाढीव भिंग) एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड खातो, २ चा दोन स्टॉप. ६०० मिमी एफ/६.३ ला १.४ लावला की ८४० मिमी एफ/९ झालं. बऱ्याच डीएसएलआर एफ/८ च्या पुढे ऑटोफोकस सोडून देतात. चंद्रासाठी लावा, जंगलात पिशवीत राहू द्या.

तिथी बघून कॅमेरा काढा

पौर्णिमेचा चंद्र फोटोला सगळ्यात नीरस. सूर्य आपल्या पाठीमागून त्याच्यावर सरळ पडतो, सावल्या दिसतच नाहीत आणि विवरं सपाट होतात. कोजागरीला दुधाच्या पातेल्यावर तो शोभतो. लेन्सची परीक्षा घ्यायची तर शुद्ध सप्तमी ते एकादशी हे दिवस धरा. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर सावल्या लांबलेल्या असतात आणि बारीक तपशील तिथेच सापडतो. अष्टमीच्या आसपास टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाकेल ही विवरांची माळ आणि अ‍ॅपेनाइन पर्वतरांग उठून दिसते. दशमीपर्यंत ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस उजेडात येतं. ६०० मिमी आणि फुल फ्रेमवर एक पिक्सेल म्हणजे चंद्रावरचे जवळपास चार किलोमीटर, म्हणजे कोपर्निकस अवघं २४ पिक्सेल. त्याच्या मधल्या टेकड्या वेगळ्या दिसल्या तर तुमच्या लेन्सबद्दल तक्रारीला जागा नाही.

संकष्टीचा चंद्रही वाया घालवू नका, उपवास सोडायला सगळं घर तसंही गच्चीवर आलेलं असतं. त्या रात्री उजेड-अंधाराची रेषा उजव्या कडेला, मारे क्रिसियम या काळसर 'सागरा'च्या जवळपास सरकलेली असते. तिथला भाग फार सुरेख दिसतो. फक्त उगवल्या उगवल्या काढू नका. क्षितिजाजवळ आपण हवेचा फार जाड थर भेदून बघत असतो: दहा अंशांवर डोक्यावरच्यापेक्षा साडेपाच पट, तीस अंशांवर दुप्पट. दोन तास थांबलात तर तोच चंद्र दुसऱ्या लेन्सने काढल्यासारखा येतो.

उलट टोकही त्रासाचं. फाल्गुन-चैत्रातल्या अष्टमीचा चंद्र आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर जातो आणि बॉल हेडवर जड लेन्स उभी धरताना मान आणि ट्रायपॉड दोन्ही कुरकुरतात. तो ५०-६० अंशांवर उतरेपर्यंत चहा घ्या.

मांडणी

गच्चीचा मधला स्लॅब माणसं चालली की हलतो. कोपऱ्यात, खांबाच्या डोक्यावर उभे राहा. पाण्याच्या टाकीची मोटर चालू असेल तर बंद होऊ द्या. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पायातले जाड भाग आधी लांबवा. कॅमेरा कधीही बॉडीच्या तळाने बसवू नका. लेन्सच्या कॉलरचा (नळीभोवतीच्या कड्याचा) पाय हेडवर बसवा, नाहीतर दोन किलोचं वजन माउंटवर लोंबकळतं. झूमला कुलूप असेल तर लावा. वर रोखलेली लेन्स स्वतःच्या वजनाने सरकते आणि फोकस जातो.

मग एक चाचणी. मागच्या पडद्यावरचं चित्र (लाइव्ह व्ह्यू) दहा पट मोठं करा, लेन्सला बोटाने हलकी टिचकी मारा आणि चित्र थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन सेकंदांच्या आत थांबलं तर दोन सेकंदांचा टायमर पुरे. पाच लागले तर दहा सेकंदांचा टायमर लावा. डीएसएलआरमध्ये आरसा आधी वर उचलायची सोय वापरा, मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर. स्टॅबिलायझेशन (हलणं आवरणारी सोय) ट्रायपॉडवर बंद करा. काही नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात, पण जुन्या स्वतःच चित्र हलवत बसतात.

लेन्स एसीच्या खोलीतून थेट बाहेर आणली असेल तर अर्धा तास बॅगेतच ठेवा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर थंड काचेवर क्षणात बाष्प धरतं. आणि ते नाही धरलं तरी नळीतली हवा बाहेरच्या हवेशी जुळेपर्यंत चित्र थरथरतं.

एक्स्पोजर

काळ्या आकाशामुळे कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि चंद्राची पांढरी टिकली होते. मॅन्युअलवर या. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड आहे, हे लक्षात ठेवलं की आकडे आपोआप पटतात. पौर्णिमेला एफ/११ वर शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. यावरून एफ/८, आयएसओ २०० ला पूर्ण चंद्रासाठी १/४००, अष्टमीच्या अर्ध्यासाठी १/१००, तृतीया-चतुर्थीच्या कोरीसाठी १/५०. धुरकट हवेत किंवा चंद्र खाली असताना एक ते तीन स्टॉप वाढवा. हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) उजवा शेपटा भिंतीला टेकता कामा नये, टायको विवराभोवतीचे उजळ पट्टे आधी जळतात.

एफ/८ का? या पल्ल्याच्या बहुतेक झूम लेन्स पूर्ण उघड्या असताना ६०० मिमीच्या टोकाला किंचित मऊ असतात आणि एका स्टॉपने सावरतात. एफ/१६ पर्यंत जाऊन मिळत काही नाही, उलट तपशील पसरतो.

चंद्र सरकतोही. ६०० मिमीवर फुल फ्रेमला सेकंदाला सुमारे सात पिक्सेल, क्रॉपला अकरा. म्हणजे १/५० ला काही बिघडत नाही. बीजेच्या कोरीच्या अंधाऱ्या भागावर पृथ्वीचा जो मंद उजेड पडतो, तो टिपायला सेकंद-दोन सेकंद लागतात. तिथे ६०० चा हट्ट सोडून २०० मिमीवर या.

फोकस

फोकस रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, लांब लेन्स त्या खुणेच्या पुढेही फिरतात. ऑटोफोकसने चंद्राची कड पकडा, मग मॅन्युअलवर येऊन दहा पट मोठ्या चित्रात उजेड-अंधाराच्या रेषेवरचं एखादं विवर बघत रिंग अगदी थोडी पुढे-मागे करा. सगळ्यात तीक्ष्ण जागा ओलांडून परत या. मिळाली की रिंगवर कागदी चिकटपट्टी.

डीएसएलआर असेल तर इथेच दुसरी परीक्षा उरकून घ्या. तोच चंद्र एकदा लाइव्ह व्ह्यूने आणि एकदा व्ह्यूफाइंडरच्या ऑटोफोकसने काढा, दोन्ही पाच-पाच वेळा. लाइव्ह व्ह्यूचे तीक्ष्ण आणि व्ह्यूफाइंडरचे सातत्याने मऊ आले तर बॉडी आणि लेन्स यांची जुळणी पुढे-मागे आहे. मेनूतल्या ऑटोफोकस फाइन ट्यूनने सुधारा. नेमका आकडा मात्र घराजवळ २५-३० मीटरवरच्या छापील पाटीवर ठरवा, कारण वाघ चंद्राइतका लांब नसतो.

आता रॉ फॉरमॅटमध्ये दोन मिनिटांत ६० फ्रेम घ्या. एवढ्या कशाला, तर हवा प्रत्येक फ्रेममध्ये चंद्र वेगळा वाकवते. पिप नावाच्या मोफत प्रोग्रॅमने सगळे चंद्र मध्यभागी आणायचे, ऑटोस्टाकर्टने त्यांतले उत्तम २५ टक्के निवडून एकावर एक रचायचे, मग रेजिस्टॅक्सच्या वेव्हलेटने धार काढायची. धार जेमतेम ठेवा. कडेला पांढरी रेघ दिसली की दोन पावलं मागे या.

साठ फ्रेम काय सांगतात

हा भाग घाईत ओलांडू नका. फ्रेम एकामागून एक शंभर टक्क्यांवर बघा.

सगळ्या फ्रेममध्ये एकाच दिशेला दुहेरी कड दिसली तर हलणं आहे: ट्रायपॉड, कॉलरचा ढिला स्क्रू किंवा शटरचा धक्का. १/६० ते १/१२५ च्या दरम्यान हे जास्त सापडतं. १/५०० ला गायब झालं तर निदान पक्कं. प्रत्येक फ्रेममध्ये चंद्राची कड वेगवेगळी नागमोडी असेल, एखादी मधेच लख्ख येत असेल, तर ती हवा. ट्रायपॉड बदलून फरक पडणार नाही. सगळ्या फ्रेम सारख्याच मऊ, कुठेही दिशा नाही, तर फोकस. एक बाजू तीक्ष्ण आणि दुसरी कायम मऊ असेल, तर चंद्र चौकटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन पुन्हा काढा. मऊपणा चौकटीच्या त्याच बाजूला राहिला तर लेन्सचं भिंग तिरपं बसलंय, आणि तेव्हा, फक्त तेव्हा, सर्व्हिस सेंटर गाठा.

जंगलात: जिप्सी, बीनबॅग आणि शटर

जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते. बीनबॅग रिकामी न्या आणि मुक्कामाच्या गावात दोन-अडीच किलो तांदूळ किंवा चणे घेऊन भरा. परत निघताना धान्य कुणाच्या तरी चुलीला लागतं. थर्मोकोलचे मणी हलके असतात खरे, पण लेन्स त्यावर डुगडुगते. पिशवी गच्च भरू नका, तीन चतुर्थांश भरली की लेन्सला खोबण मिळते. कॉलरचा पाय वर फिरवा, लेन्सची नळी थेट पिशवीवर टेकवा, डावा हात वरून दाबून ठेवा. आणि चालकाला गाडी बंद करायला सांगा. चालू इंजिनाची थरथर बीनबॅग काही अंशीच गिळते, १/२५० ला ती फोटोत उतरतेच. एवढं करून शेजारचा प्रवासी सीटवर उभा राहिला की गाडी डोलते, त्यामुळे तेही आधी ठरवून घ्यावं.

शटरचे आकडे असे धरा. बसलेला वाघ, पहाटेचा उजेड, बीनबॅग: १/१६० ते १/२५०, स्टॅबिलायझेशन चालू, आठ-दहा फ्रेमचा मारा, त्यातल्या दोन तीक्ष्ण येतात. चालणारा वाघ: १/८००. १/२५० ला त्याचं डोकं ठीक येतं आणि पंजे पुसट, यात लेन्सचा दोष नाही. फांदीवरचा छोटा पक्षी: १/१०००, कारण तो मान सतत झटकतो. उडणारी घार: १/२०००. पाण्यात सूर मारणारा खंड्या: १/३२००, तरी पंखांची टोकं विरघळू शकतात.

आयएसओ ऑटो ठेवा, वरची मर्यादा ६४०० किंवा बॉडीला झेपेल तितकी. दाणेदार पण तीक्ष्ण फोटो नॉइज काढून सुधारता येतो. हललेल्याला औषध नाही. पांढऱ्या बगळ्याला एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली, काळ्या कोतवालाला एक स्टॉप वर.

फोकस सतत चालणाऱ्या मोडवर ठेवा. प्राण्याचा डोळा ओळखणारी सोय मोकळ्या जागी झकास चालते. बांबूच्या जाळीत किंवा उभ्या गवतात ती गवतालाच प्राणी समजते. तिथे एकच छोटा बिंदू निवडून डोळ्यावर टेकवा. तीक्ष्ण येणाऱ्या पट्ट्याची खोली किती कमी असते बघा: ६०० मिमी, एफ/६.३, दहा मीटरवर फुल फ्रेमला जेमतेम दहा सेंटिमीटर. नाक तीक्ष्ण आणि डोळा मऊ, हा प्रकार त्यातूनच होतो. तीस मीटरवर ती मीटरभर होते आणि जगणं सुसह्य होतं. लेन्सवर 'दहा मीटर ते अनंत' असा फोकस मर्यादेचा खटका असेल तर लांबच्या उडत्या पक्ष्यांना तो लावा, ऑटोफोकस भलतीकडे भटकत नाही. नंतर काढायला विसरलात तर जिप्सीपाशी आलेला नीलपंख फोकसच होणार नाही.

उन्हाळ्यात ताडोबा वाघासाठी चांगला, हवेसाठी वाईट. ऊन चढलं की तापलेल्या रस्त्यावरून हवा उकळू लागते आणि दीडशे मीटरवरचा वाघ पाण्याखाली असल्यासारखा येतो. कॅमेरा फोकस झाल्याचा हिरवा चौकोन दाखवत राहतो, त्याचा दोष नसतो. यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. चंद्रासारख्या फ्रेम रचताही येत नाहीत कारण वाघ हलतो. मधलं अंतर कमी असलेला प्रसंग निवडा, रस्त्याच्या समांतर रोखण्यापेक्षा सावलीतून, झाडीवरून किंवा पाणवठ्यावरून जाणारी रेषा शोधा, आणि पहिल्या दीड तासावर भर द्या. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा काढताना तर ही अडचण हिवाळ्यातसुद्धा येते, कारण माळरानात सगळी दृष्टी जमिनीलगतच जाते. बंद गाडीच्या खिडकीतून काढत असाल तर एसी आणि इंजिन पंधरा मिनिटं आधी बंद करा. आतली थंड आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच मिसळत असते.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यात होडीतून रोहित पक्षी काढताना वेगळं गणित. होडीत ट्रायपॉड म्हणजे तीन पायांचं संकट. फळीवर खाली बसा, कोपर गुडघ्यावर, १/२००० च्या खाली जाऊ नका. नावाड्याला लांबूनच मोटर बंद करून होडी वाहत जाऊ द्यायला सांगा. थव्यातल्या माना एकदम ताठ झाल्या आणि सगळे एकाच दिशेला चालू लागले, की तुम्ही जास्त जवळ आला आहात. तिथेच थांबा. 'उडवून दाखवतो' म्हणणाऱ्या नावाड्याला स्पष्ट नाही म्हणा. चरणारे पक्षी उठवले की त्यांची शक्ती वाया जाते आणि पाठ फिरवून उडालेल्या थव्याचा फोटो तसाही भिकार येतो. उडते पक्षी हवेत तर कवड्या खंड्याकडे वळा. तो हवेत एका जागी फडफडत थांबतो, सराव त्याच्यावरच होतो. घरट्याजवळ लेन्स कितीही लांबची असली तरी थांबू नये.

दोघं एका चौकटीत

११० चा तोच आकडा इथे पुन्हा येतो. एखादी वस्तू चंद्राएवढी दिसायला तिच्या उंचीच्या ११० पट लांब उभं राहावं लागतं. दीड मीटर उंचीच्या सांबराला १६५ मीटर, वीस मीटरच्या मंदिराच्या शिखराला २,२०० मीटर. अडचण फोकसची: ६०० मिमी एफ/११ ला साधारण १,१०० मीटरवर फोकस धरला तरी ५५० मीटरच्या पुढेच वस्तू आणि चंद्र दोन्ही तीक्ष्ण मिळतात. शिखराचं जमून जातं. सांबराच्या वेळी फोकस सांबरावर ठेवा आणि चंद्राची कड मऊ येणार हे मान्य करा, किंवा ३०० मिमीवर या. तिथे एफ/११ ला २७० मीटरवर फोकस धरला की हीच मर्यादा १३५ मीटरवर येते. दोन वेगळे फोटो जोडले असतील तर तसं लिहावं.

वेळ पंचांगातून काढा, पण ती कुठल्या गावची आहे ते बघा. मुंबई आणि नागपूर यांच्यात २५ मिनिटांचा फरक पडतो. शिवाय ती वेळ सपाट क्षितिजाची असते. समोर डोंगर असेल तर त्याच्या प्रत्येक अंशाला सुमारे साडेचार मिनिटं जास्त धरा. वर चढताना चंद्र उजवीकडे कलत जातो, म्हणून उभं राहायची जागा थोडी डावीकडे सरकवायची तयारी ठेवा. नेमकी दिशा फोटोपिल्स किंवा स्टेलेरियमवर आदल्या दिवशी बघून घ्या. दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, त्यामुळे तिथे पोचून शोधाशोध करायला वेळ नसतो.

पौर्णिमेच्या संध्याकाळपेक्षा आदली संध्याकाळ बरी. चतुर्दशीला चंद्र सूर्य मावळायच्या पाऊण-एक तास आधी उगवतो, जमिनीवर ऊन असतं आणि दोन्हींचं एक्स्पोजर जुळतं. सफारीवाल्यांसाठी याचीच उलट बाजू कामाची: वद्य प्रतिपदेच्या सकाळी गेट उघडून सूर्य वर आल्यावरही चंद्र पश्चिमेला अर्धा-पाऊण तास टिकून असतो. सूर्य पाठीशी, समोर वठलेल्या झाडावर मुग्धबलाक आणि मागे फिकट चंद्र. एफ/११, १/५००, आयएसओ ऑटो, फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर, आणि जिप्सी झाडापासून जितकी लांब उभी करता येईल तितकी.